शेड कार्ड

तुर्भ्याला रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी शेड जुळवल्या.
उत्तरेच्या खिडकीत दोन चिंध्या शेजारी शेजारी धरायच्या,
केसभर फरक दिसला की बॅच परत.
मागच्या नाल्याचं पाणी वारानुसार रंग बदलायचं,
ते माझ्या खात्यात येत नव्हतं.

आता करावे गावामागे, खाडीच्या बांधाला लागून,
वासंती म्हात्रेच्या वाडीत
कमरेएवढा खड्डा.
तळाला भुसा, त्यावर शेणी,
मार्केटातून पोतंभर कांद्याची टरफलं –
हमालाने विचारलं, काका, कांदे कुठं गेले? –
गच्चीवर वाळवलेल्या केळीच्या साली,
आणि हौशीबायची जवळ्याची जुनी पाटी,
मिठाने पांढरी पडलेली,
मोडून मडक्यांच्या पोटाशी खोचलेली.
मडकी नुसती गारगोटीने घोटलेली. वर काही नाही.

किती डिग्री? मी विचारतो.
वासंती धुरावर तळहात धरते.
"भाकरीहून जास्त, इटेहून कमी.
आन् पत्रा उचलून बघाचा नाय."

रात्रभर धुमसलं.
सकाळी राख सारली तर
एकावर जांभूळ चिरडल्यासारखा डाग,
एकावर पाटीची वीण उमटलेली, फिकट केशरी,
एक निम्मं काळं, निम्मं
– एकतीस वर्षं काढली, नाव सुचेना.
चष्मा पुसून दोन मडकी शेजारी धरली. सवय.
काहीच जुळत नाही.
बॅच परत पाठवायची, तर कुणाकडे?

दुपारी डबा घेऊन मंदाकिनी आली.
वासंतीने छोट्या भट्टीतून
एक मडकं चिमट्यात धरून बाहेर काढलं,
म्हणाली, वैनी, केस हायेत का?
हिने पिशवीतून कंगवा काढला,
त्यातला गुंता सोडवला.
"लहानपणी एवढ्यावर एक फुगा यायचा,"
म्हणाली, आणि एकेक केस वरून सोडला.
केस तडतडला, अळीसारखा वळला,
मडक्यात उतरला. वास सुटला,
कोंबडी भाजतात तसा.

पांढरे होते ना गं?
"बहुतेक सगळेच."

मडक्यावर रेघा काळ्याकुळकुळीत.
एक तर हिच्या भांगासारखीच,
मध्येच डावीकडे गेलेली.

"हं, सांगा, याचा नंबर काय?"
ती विचारते,
आणि चटका बसलेलं बोट
कानाच्या पाळीला लावते.