पावती-पुस्तक क्रमांक सात

उंच बांधता येणार नाही, असं पत्र आलं
विमानतळाच्या कचेरीतून.
म्हणजे घुमट नाही, नवा मनोरा नाही;
आभाळाकडे जायची परवानगी
होती तेवढ्यापुरतीच.
फादर बोनिफास यांनी मिस्सेनंतर पत्र वाचून दाखवलं,
मध्येच एक विमान गेलं, ते थांबले,
सवयीनं आम्हीही थांबलो,
मग म्हणाले, "तर मंडळी, आपण आडवं वाढू."

आडवं वाढायला एक कोटी ऐंशी लाख.

मी बँकेतून निवृत्त झालेला, अक्षर बरं,
म्हणून पुस्तक क्रमांक सात माझ्याकडे.
सोबत फिलू तुस्कानो, जिला सहार गावठाणातल्या
प्रत्येक घराचं कर्ज आणि कुत्रं नावानिशी माहीत.

बहारिनहून दोन चेक आले, एक वटला नाही.
नाक्यावरच्या शेट्टीनं पाच हजार दिले आणि विचारलं,
सकाळची घंटा जरा उशिरा होईल का.
एका बिल्डरनं सगळंच देऊ केलं, संगमरवरी पाटीसकट;
पाटीचं माप ऐकून फादर हसले
आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.
बायकांनी एप्रिलभर मसाला कांडला,
बियरच्या बाटल्या धुऊन, वाळवून, ठासून भरल्या,
तीनशे बारा बाटल्या.
आठवडाभर पवित्र पाण्यालासुद्धा मिरचीचा वास.
फिलू म्हणाली, यंदा सैतान फिरकायचा नाही.

प्रत्येक दारात माझा एकच प्रश्न:
पावती कुणाच्या नावानं?
तिथे माणसं अडखळायची.
हात खिशात सहज जातो,
नाव काढायला वेळ लागतो.
मेलेला नवरा. न जगलेलं मूल.
सांतान कोलासोनं आधी स्वतःचंच सांगितलं,
मग म्हणाला, खोड, आईचं लिही,
मग आईचं माहेरचं नाव त्याला आठवेना
आणि तो उगाच पंख्याकडे बघत बसला.

रेमेतबायचं घर चर्चच्या भिंतीला लागून.
"ती देणार नाही," फिलू पायरीवरच कुजबुजली,
"सणाच्या ताटातसुद्धा कधी रुपया टाकला नाही तिनं."
रेमेतबायनं आम्हाला बसवलं. पैशाचं काढलं नाही.
"मना नकाशा दाव," म्हणाली.
मी उलगडला. ती वाकली,
बोटानं जुनी भिंत शोधली,
बोट भिंतीवरून पलीकडे उतरलं,
जिथे नकाशात काहीच नाही
आणि जमिनीवर एक भोकराचं झाड.

"कुठवर जाल नवी भिंत?"
बारा फूट, मी म्हणालो.
ती मनातल्या मनात चालून आली असावी.
"चवदा कर. दोन फुटांचे पैसे माझे."

फिलू माझ्याकडे बघेना.
मग मलाच आठवलं, लहानपणी ऐकलेलं:
विहिरीतून काढलेला भाऊ, एकोणीस वर्षांचा,
ज्याला तेव्हाच्या फादरनं
भिंतीच्या आत जागा दिली नव्हती.

बिस्किटांच्या डब्यातून नोटा निघाल्या.
त्यात पाचशेच्या सात जुन्या, बाद झालेल्या.
चाळीस वर्षं काउंटरवर काढलेल्या मी
त्याही मोजल्या, आणि रकमेत धरल्या.

पावती कुणाच्या नावानं?
तिनं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट,
इतकी वर्षं जिभेखाली धरून ठेवल्यासारखं.
नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं.
ती थांबली नाही. मला अर्धंच ऐकू आलं.
मी पुन्हा विचारलं.
तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं,
दार उघडंच होतं.

आर्किटेक्टशी अजून बोलायचं आहे.
पावती फाडून दिली आहे.