चालू मोटर

बेनोड्याच्या फाट्यावर उकंडमामाचं वाइंडिंगचं दुकान.
बोअर आटतो, मोटर कोरडी फिरते, जळते,
संत्रेवाले ती मोटरसायकलला आडवी बांधून आणतात.
माणसाआधी जळक्या वार्निशचा वास पोचतो.

मी रजेवर.
हँडल फिरवत, वेढे मोजत मामा विचारतो,
"तू तिकडे करते तरी काय वो?"

मोटरीच बघते, म्हटलं.
तुझ्या टाक्यातल्या पाण्यातसुद्धा असेल असला जंतू,
त्याच्या शेपटीच्या बुडाशी बसवलेली,
सेकंदाला शंभरावर फेरे.
लाईनची वाट बघत नाही.
हायड्रोजनचे कण बाहेरून आत झिरपतात,
तेवढ्यावर.

"स्टेटर असते काय तिले?"

असतो ना. दहा-अकरा तुकडे, कडेनं गोल.
पण पक्का एकही नाही.
अर्धा मिनिट टेकतो, ढकलतो, सुटतो,
आवरणात भटकत राहतो,
तोवर त्याच्या जागी दुसराच येऊन बसलेला.
फिरत्या कड्याचेही काही तुकडे असेच येतेजाते.
मोटर मात्र थांबत नाही.

मामानं हँडल सोडलं.
"चालू मोटरीत हात कोन घालते बाप्पा?
मी तं फ्यूज काढून खिशात ठेवतो आधी."

तुला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही.
मीच सांगितलं :
तुकड्यांना हिरवा उजेड जोडतो आम्ही.
मग एकाच मोटरीवर लेसर धरून
तिचा उजेड मारून टाकतो,
आणि बसून राहतो.
काही मिनिटांत ती पुन्हा हिरवी.
विझलेले पेटत नाहीत, मामा.
दुसरे आलेले असतात.

"अन् लोड वाढला तं?"

जास्त येतात. आले की जास्त वेळ टिकतात.
हलकं झालं, की निघून जातात.

"म्हंजे आपल्या गावाच्या उलटं," मामा म्हणाला,
आणि एवढं हसला, की ठसका लागला.

रात्री बाराला थ्री-फेज आली.
सकाळपर्यंत मोटर हवी म्हणून
पांढुर्णा रोडचा शेतकरी बाकावर झोपलेला.
मामाचा हात आता थरथरतो, तार सैल पडते.
अडतीस, तो म्हणाला. एकोणचाळीस.
शाकीर बाहेर केसिंग घासत होता,
हात पुसत आत आला,
हँडलवर मामाच्या हातावर हात ठेवला,
मग मामाचा हात तिथं नव्हता.

चाळीस,
शाकीर म्हणाला.