गळ्यातली फळी

बाप गेला तेव्हा मी मायच्या पोटात तीन महिन्यांची.
बाप आला तेव्हा माझ्या कडेवर पोरगी होती,
आणि माय डोमाकाकाच्या घरात बसून,
दोन लेकरं वाढवून,
मेलीसुद्धा होती.

वैनगंगेच्या पलीकडून त्याला
डोमाकाकानेच डोंग्यातून आणलं.
दोन पैसे मागितले. ओळखलं नाही.
त्याने दिले, मोजून.
भाऊ म्हणाला नाही.

गावात सांगतात ते एवढंच:
घाटाच्या ठेकेदाराने डोंगा ओढून नेला,
इस्तारीने बांबू उचलला. एकदाच.
भंडाऱ्याच्या कचेरीत साहेबाने विचारलं,
तर म्हणाला, हो, मीच.
काळ्या पाण्यावर गेलेला माणूस मेलेलाच,
म्हणून घरच्यांनी दहावा उरकला.
पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे.
काही मागणं उरलं नव्हतं त्याचं.

पहिल्या रात्री सपरीत अंथरूण घातलं.
म्हणाला, "सायत्रा, बाहेरून कडी लाव.
मले झोप नाई येत."
सपरीला दार कुठलं?
मग आत निजवला, धानाच्या कणगीजवळ,
आणि लावली कडी.

पहाटे अंगणात उकिडवा बसायचा,
हात गुडघ्यांवर, मोजणीची वाट बघत.
ऊन अंगावर आलं तरी उठायचा नाही.
एक दिवस माझी पोरगी त्याच्यापुढे उभी राहिली,
बोट रोखून म्हणाली, "एक."
तो उठला, कामाला लागला.
पुढे रोज तीच मोजायची.
दहापर्यंत यायचं तिला.

तिकडचं काही सांगायचा नाही.
फक्त शिंगाडे सोलताना
बोटं काळी झाली की जीभ सुटायची.

"पानी कायं नाई वो. निळं हाय.
जवस फुलल्यावर वावर दिसते ना, तसं.
पन त्याले धुरा नाई."

झाड पाडायला सात जण लागत,
पडल्यावर कधी सहाच उरत.
जळवा. ताप. पायात बेडी, गळ्यात फळी.
पंजाबी, मदराशी, ब्रह्मी, सगळे एका दोरात.
"पयले एकमेकाच्या शिव्या शिकलो,
मंग भाकरीचा शब्द."

दहा वर्षांनी जमिनीचा तुकडा दिला.
मग बायांच्या तुरुंगात नेलं,
म्हणाले, निवड.
ओळीत उभ्या होत्या.
"बैलबाजारावानी?" मी विचारलं.
"नाई. बैलाचे दात पायता येते."
त्याने मान वर केलीच नाही.
कडप्प्याकडची एक पुढे आली,
म्हणाली, हा चालेल.
काय केलं होतं तिने?
"इचारलं नाई. तिनंबी नाई."

भात लावला दोघांनी. पोरगा झाला.
मग सुटकेचा कागद आला, एकट्याचा.
तिची तीन वर्षं बाकी होती.
"थांबायचं होतं ना, बाबा."
शिंगाडे संपले होते,
तरी तो टोपलीत हात फिरवत राहिला.
"घाट दिसे मले. रोज दिसे."

पोराचं नाव काय ठेवलं?

"डोमा."

काका पायरीवर बसून जाळं शिवत होता.
सुई तशीच ठेवून उठून गेला.
सकाळी उंबऱ्यावर दोन पैसे होते.
बापाने ते कित्येक दिवस उचलले नाहीत,
आम्हीही नाहीत.
शेणाने सारवताना मी बाजूला करायचे,
परत तिथेच ठेवायचे.

बाप पौषात गेला.
यावेळी कावळ्याने संध्याकाळपर्यंत ताटकळवलं.
कोण काय काय कबूल करून पाहिलं,
काका काय बोलला ते ऐकू आलं नाही.

त्याच्या गाठोड्यात फळी सापडली,
विड्याच्या पानाएवढी, आकडे कोरलेली.
कशी लपवून आणली, कोण जाणे.
चितेवर ठेवायची राहिली ती राहिलीच.
काकाने तिला जाळ्याच्या वरच्या दोरीला बांधली,
फुटक्या भोपळ्याच्या जागी.

हलकं लाकूड आहे. बुडत नाही.
जरा पाणी हललं की पोरगी काठावरून ओरडते, "एक!"
आणि मासा असो नसो,
काका ओढायला लागतो.