वरून मीठ

बोर्झिवोयचा ऑक्सिजनचा सिलिंडर उचलून नेला,
त्या जागी गालिच्यावर एक गोल डाग राहिला.
तिथे माशांची टाकी ठेवायची, एवढं ठरलं होतं.
पाणी कुठलं, ते ठरेना.

कार्विनात समुद्र नाही.
आमच्या अख्ख्या देशालाच नाही.
तरी दुकानात तो बादलीतून मिळतो,
पांढरी भुकटी, बावीस किलो, झाकणावर पोवळ्यांचं चित्र.
नळाचं पाणी आधी गाळायचं, मग भुकटी ढवळायची,
रात्रभर पंप लावून ठेवायचं,
आणि सकाळी, म्हणे, समुद्र तयार.
काकडीच्या लोणच्याचा खार तरी याहून सोपा असतो.

दुकानातल्या मुलीचं नाव थ्वी.
तिचे आजोबा हायफाँगहून इथल्या गिरणीत आले;
तिचं चेक माझ्यापेक्षा शुद्ध.
नावाचा अर्थ पाणी, तिनेच सांगितलं.
गोडं की खारं, ते विचारायचं राहिलं.

"खारं महाग पडेल," ती बोटांवर मोजू लागली:
दिवे, फेस काढायचं यंत्र, जिवंत दगड,
क्षारता तपासत राहायचं,
सहा आठवडे नुसत्या रिकाम्या काचेकडे बघायचं.
"गोडं माफ करतं. एखादा आठवडा विसरलात तरी."
माझं पेन्शन तिने विचारलं नाही.
बुटांकडे बघितलं असावं.

पण त्याला खारंच हवं होतं.
पगाराच्या पावतीमागे नकाशा काढून ठेवलाय:
दोनशे लिटर, डावीकडे खडक, उजवीकडे दोन केशरी मासे,
आणि काचेबाहेर एक बाण, "द्राहा इथे बसेल."
समुद्र त्याने एकदाच पाहिला,
अठ्ठ्याहत्तर साली, बल्गेरियात,
युनियनच्या खर्चाने दहा दिवस, त्यातले चार पावसाचे.
दुसऱ्या एका समुद्रात तो बत्तीस वर्षं उतरत होता:
आठशे मीटर खाली, कोळशाच्या भिंतीतून
खारं पाणी झिरपायचं.
बूट वाळले की त्यांवर पांढरी रेघ उठायची.
मी ती ब्रशने काढायचे.
ती परत यायची.

थ्वीने मला एक गोष्ट सांगितली,
दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून:
समुद्रातला मासा सतत पाणी पितो,
तरी अंगातलं पाणी निसटतच राहतं.
नदीतला मासा जवळजवळ पीतच नाही,
ते आपसूक आत शिरतं,
आणि त्याचा सारा जन्म ते बाहेर टाकण्यात जातो.
मी म्हटलं, म्हणजे चैन दोघांनाही नाही.
ती म्हणाली, "आजी, मासे आहेत ते."

आणि आणखी एक:
टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही.
म्हणून खाऱ्या टाकीतसुद्धा
रोज भर घालायची ती गोड्याचीच.
हे ऐकून मी दुकानातच खाली बसले,
कासवांच्या खाद्याच्या पोत्यावर.
तिने काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवला.

शेवटी निकाल दिला तो टोमॅटोंनी.
बाल्कनीत पाच कुंड्या आहेत.
टाकीतून काढलेलं पाणी झाडांना खतासारखं,
गोडं असेल तर.
खारं असेल तर मोरीत.
दर बुधवारी बादलीभर पाणी मोरीत ओतायला
माझा हात धजणार नाही;
आईने आम्हाला बटाट्याचं पाणीसुद्धा
दोनदा वापरायला शिकवलं होतं.

आता त्या डागावर तिवई, तिवईवर साठ लिटर,
अकरा गप्पी, परवा बारा,
आज मोजून होत नाहीत.
पावती मी मागच्या काचेला चिकटवली,
नकाशा आत तोंड करून.
शेवाळ धरलंय, तरी बाण दिसतो.
बाणाप्रमाणे मी बसते.
केशरी आहेत, बोर्झा. लहान आहेत, पण केशरी.

टोमॅटो ऑगस्टात आले, फुटेस्तोवर लाल.
एक चिरून बशीत घेते, टाकीसमोर.
मीठ वरून.