जादा बटण

फिश मार्केटमागच्या बोळात
पप्पांचं मशीन डिसेंबरात रात्री उशिरापर्यंत चालतं.
रेजिमेंटच्या पँटी, कंबर कमी करायच्या,
आणि नाताळचे फ्रॉक, ऐनवेळी आणून टाकलेले.
टेबलाखालच्या पोत्यात वर्षभराची कात्रणं.
मी पोतं उपडं करते.

वडगावच्या मागावरचा जरीकाठ, बोटभर,
त्याची चांदणी होते, कशीबशी, चारच टोकांची.
रिकाम्या रिळांच्या घंटा.
कुंद्याच्या डब्याचा सोनेरी पुठ्ठा
गाब्रिएलच्या पंखांना पुरला, एकाच.
सेवरीन मावशीच्या मुलाची लग्नपत्रिका,
एका अंगाला कन्नड, एका अंगाला मराठी,
घड्या घातल्या की कबूतर.
कुठली अक्षरं पंखाला गेली, कुठली पोटाला,
खळ वाळेपर्यंत बघायचं राहूनच गेलं.

सुरूची फांदी बादलीत, विटा लावून उभी.
हिरवं कापड कमी पडलं.

वरच्या फळीवर एक शर्ट आहे, फौजी हिरवा,
तीन पावसाळे कागदात गुंडाळलेला.
टाचणीला चिठ्ठी: बाह्या अर्धा इंच, शनिवारी.
मी कातर उचलली.
"ते नको गे," पप्पा म्हणाले,
पाय पायट्यावरून न काढता,
"येतोय की तो. सुट्टी मिळाली नसंल."

रात्री कधीतरी मशीन थांबलं.

सकाळी फांदीच्या पार आत, भिंतीच्या बाजूला,
दुहेरी दोऱ्यावर एक बटण लोंबत होतं,
शर्टाच्या आत, खालच्या पट्टीला शिवतात
ते जादाचं.
शर्ट फळीवरच. वरचा कागद नवा.

मी काही विचारलं नाही.
कातर मात्र कुठं सापडेना.