ओलं गोणपाट

डॉक्टर मजमुदारांनी वही करायला सांगितली.
पाठ कधी टेकली, डोळा कधी लागला,
किती वेळा जाग आली, सकाळी कसं वाटलं
(एक ते पाचपैकी आकडा टाका).
सत्तावीस वर्षं सहकारी बँकेत खतावण्या जुळवल्या मी,
रकाने आखायला मला कुणी शिकवू नये.
पण हा एकच खातेदार असा,
रोज येतो, पासबुक हातात धरून
बाहेरच्या बाकावर बसतो,
आणि माझं लक्ष गेलं की उठून जातो.

नियम पाठ आहेत.
दुपारी लवंडायचं नाही. चारनंतर चहा नाही.
घड्याळाचं तोंड भिंतीकडे.
वीस मिनिटांत नाही आली तर उठायचं,
गादीशी भांडत पडायचं नाही.
घड्याळ न बघता वीस मिनिटं कशी कळायची,
हे विचारलं तेव्हा मजमुदार हसले.
मी नाही हसले.

हे उशीला डोकं लागायच्या आत घोरतात.
आधी हेवा वाटे, मग राग यायचा,
आता सोबत वाटते.
घरात कुणीतरी झोपतंय,
एवढ्यावर भागवते.

मी उठून गॅलरीत बसते.
समा गाव आणि विश्वामित्री यांच्या मधे आमची सोसायटी.
छायापुरीकडे वळणाऱ्या मालगाडीचे डबे मोजते,
कधी अठ्ठावन्न, कधी चाळिसालाच हिशेब चुकतो.
समोर जिग्नाबेनचा फ्रीज थरथरून गप्प होतो.
जायफळ झालं, खसखस झाली,
काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले.
आत्या म्हणाली, "कुणाचं देणं राहिलंय का बघ."
बघितलं. नव्हतं राहिलेलं.
अकरा वर्षांपूर्वी काही कारण असेलही,
पाहुणा केव्हाच गेला,
दारात चपला तेवढ्या राहिल्या.

गेल्या भादव्यात, सव्वातीनला,
फाटकापाशी उजेड हलताना दिसला.
मगर आली होती.
नदी फुगली की येतात आमच्याकडे,
झोपलेले झोपून राहतात.
वॉचमननं खालूनच हाक मारली,
"मासी, तमे तो जागतां ज हो छो, जरा बत्ती पकडो ने."
अकरा वर्षांत पहिल्यांदा
माझं जागणं कुणाच्या कामी आलं.

दोन स्कूटरांच्या मधे ती. सात फूट तरी असेल.
टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे.
सगळे म्हणत होते, केवढी भयंकर!
मला ती दमलेली दिसली.
दमणं मी ओळखते.

मगरी पकडणाऱ्यांतला एक, मोहित्यांचा यशोधन,
विशीतला, हाफ पँट, एक चप्पल चिखलात गेलेली.
त्यानं मागून ओलं गोणपाट टाकलं तिच्या डोळ्यांवर.
आणि एवढं मोठं जनावर
सैल पडलं.
"झोपली?" मी कुजबुजले.
"नाही काकू. झोप वेगळी.
दिसायचं बंद झालं की लढायचं थांबतात."

वर आले. हात अजून थरथरत होता.
न्हाणीत पंचा भिजवला, पिळला,
आडवी होऊन डोळ्यांवर घेतला.
थोडं पाणी कानात गेलं.
ह्यांनी कूस बदलत विचारलं, "ताप आहे का?"
आणि उत्तराआधीच परत घोरू लागले.
झोप आली नाही.
पण दुधाची गाडी येईपर्यंत
मी तिची वाटही पाहिली नाही.

वहीत काय लिहावं कळेना.
'झोप' खाली शून्य, हे खरंच होतं.
'सकाळी कसं वाटलं' खाली तीन लिहिलं,
खोडून साडेतीन केलं.
समासात बारीक अक्षरात: टॉर्च धरली.

परवा जिग्नाबेन विचारत होती,
तुमच्या दोरीवर रोज सकाळी
तो एकच पंचा कसला वाळतो?