जेवण झालं?

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसरवर माणिकची नेमणूक झाली,
त्याला आता दोन वर्षं होतील.
पहिल्या दिवशी हजेरीपट पुढे करून
मी विचारलं, इथे काय लिहू? श्री की श्रीमती?
'काय पण लिही. माका सगळा चालता.'
आणि माणिकने पाना उचलला.

बंदर काही बुडालं नाही त्याने.
जिभा मात्र अडखळल्या.

लिलावाचा गिरप
लाद्या उचलायच्या असल्या की ओरडतो, 'माणिक इलो काय रे?'
चहा टाकायचा असला की, 'सांगा तिका.'
आपण असं करतो हे त्याला
आजतागायत कळलेलं नाही.

ट्रॉलरवाल्या आजगावकरांना रागच येतो.
'एक काय ता ठरव मगे!'
कुणी कोरा कागद हातात देऊन
वर सहीही त्यांचीच मागावी, असा चेहरा.

शाळेतल्या नव्या बाई फार जपून.
सोमवारी तो, मंगळवारी ती, बुधवारी ते,
गोळ्यांच्या वेळा पाळाव्यात तसं.
एका गुरुवारी घोळ झाला
तर डोळ्यांत पाणी.
माणिकनेच त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

सत्यवती खवणेकरीण विचारात पडलीच नाही कधी.
तिच्या तोंडी नात, वासरू, शेजारचं चेडू, सगळंच 'ता'.
'ता खुळा उपाशीच रवता,' म्हणते
आणि पाटीतले चार बांगडे बाजूला काढते.

आणि मी?
मी क्रियापदं चुकवते.
'जेवण झालं?' 'निघायचं ना?' 'उद्या सुट्टी?'
माणिकने झडप बंद केली, माणिकने बिडी विझवली.
'ने' लावला की सुटका,
क्रियापद कर्माच्या गळ्यात पडतं.
मराठी घेऊन बी.ए. केलं, त्याचा एवढाच उपयोग.
दोन वर्षं शेजारच्या टेबलाशी
पाणंदीतून बोलत आले,
आणि लोक म्हणतात, बाई किती सांभाळून बोलतात.

बंदी उठायच्या आदल्या आठवड्यात
अमोनियाचा पाइप फुटला.
आम्ही फाटकाबाहेर, तोंडाला ओले टॉवेल.
आत माणिक, मुख्य झडपेपाशी.
'तो भितर आसा!' गिरप ओरडत होता.
'ती आत राहिली हो!' शाळेतल्या बाई.
'ता! ता माझा भितर!' सत्यवती.
बंबावरचा नवा पोरगा मास्क चढवता चढवता थांबला,
'म्हणजे तिघं?'
कुणी हसलं नाही.
आजगावकरांनी एक बोट वर केलं.

मग दारात माणिक,
डोळे मिरचीसारखे लाल, हातात तोच पाना.
मी काहीतरी ओरडले.
दुसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं,
काल मी काय म्हटलं?
'आठवना नाय. खूप मोठ्यान म्हटलंस.'

काल डबा उघडताना एकदम निघून गेलं,
'जेवलीस?'
कानशिलं तापली माझी.
'नाय अजून,' माणिक म्हणाली. 'लोणचा आणलंस?'

आज 'जेवलास' म्हणायचं ठरवून आले होते.
पण कॉम्प्रेसर धडधडत होता
आणि माणिकचं तोंड
माझ्याच भाकरीने भरलेलं.